झुंबाचा क्लास लावताय? आधी एका तासाचा भाव काढा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की घरातल्या मोठ्यांना सकाळचा एखादा तास मोकळा मिळतो आणि आमच्याकडच्या पत्रांत तेच प्रश्न पुन्हा दिसू लागतात. सोसायटीच्या हॉलमध्ये झुंबा सुरू होतोय, महिन्याला अठराशे म्हणजे जास्त आहेत का? स्टुडिओवाले म्हणतात आजच्या आज वर्षाचे पैसे भरा, निम्म्यात देतो, भरू का? तीन महिन्यांची फी घेतली आणि मधेच बॅच बंद केली, आता कुणाकडे जाऊ? पन्नाशी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, तरी जमेल का?

या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते आहे. झुंबा, बॉलीवूड फिटनेस, भांगडा, एरोबिक्स, नाव कोणतंही असो, गटाने गाण्यांवर नाचत करायचा व्यायाम असेल तर बहुतेक मुद्दे सारखेच लागू पडतात. आणि माझं मत सुरुवातीलाच सांगते: पहिले तीन महिने एकेका महिन्याचेच पैसे भरा, सवलत कितीही मोठी दाखवली तरी. असं का म्हणते, ते खालच्या हिशेबात दिसेल.

फीचा खरा हिशेब

क्लासवाले महिन्याचा आकडा सांगतात, कारण तो सांगायला सोपा आणि ऐकायला लहान वाटतो. तुम्ही मात्र एका तासाचा भाव काढा, आणि तोही वेळापत्रकातल्या तासाचा नको, तुम्ही प्रत्यक्ष हजर राहाल त्या तासाचा.

समजा, आठवड्याला तीन दिवस, महिन्याला १२ तास आणि फी १,८०० रुपये. कागदावर एका तासाला १५० रुपये पडले. त्या महिन्यात तुम्ही सातच दिवस गेलात तर तोच तास २५७ रुपयांना पडला. तिथे एका दिवसाचे २५० रुपये भरून येण्याची सोय असेल, तर तुम्हाला मासिक फीपेक्षा तीच स्वस्त.

आता वर्षाची योजना बघा. १४,४०० रुपयांत १४४ तास, म्हणजे तासाला फक्त १०० रुपये, अशी जाहिरात असते. हिशेब चुकीचा नाही. पण घरातलं कॅलेंडर काढून खुणा करा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, मे महिन्यात गावाला जाणं किंवा घरी पाहुणे, ऑगस्ट-सप्टेंबरात श्रावणातली कार्यं आणि गौरी-गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, नंतर लग्नसराई. मधे एखादं आजारपण. वर्षाअखेर ४० तास भरले, तर एक तास ३६० रुपयांना पडला. तेच ४० तास रोजच्या २५० रुपयांच्या दराने घेतले असते, तर १०,००० रुपयांत भागलं असतं आणि ४,४०० रुपये वाचले असते. वार्षिक योजना तोट्याचीच असते असं नाही. आठवड्याचे तिन्ही दिवस न चुकता जाणारी माणसं असतात, त्यांना ती फायद्याची पडते. पण आपण तसे आहोत का, हे तीन महिने जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. तोवर सवलत हातची गेली तरी जाऊ द्या. 'ऑफर आज रात्रीपर्यंतच' म्हणणारे पुढच्या सणाला पुन्हा ऑफर काढतात.

बाजारभाव म्हणाल तर तो शहराप्रमाणे आणि जागेप्रमाणे फार बदलतो. पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत सोसायटीच्या किंवा एखाद्या कार्यालयाच्या हॉलमध्ये आठवड्याला तीन दिवस भरणाऱ्या बॅचची फी ढोबळमानाने महिना हजार ते दोन हजारांच्या आसपास असते. आरसे, एसी आणि लाकडी जमीन असलेल्या स्टुडिओत त्याहून बरीच जास्त. झुंबाचा कुठलाही 'अधिकृत दर' नसतो. मूळ कंपनी प्रशिक्षकांना परवाना देते, फी किती घ्यायची ते प्रशिक्षक स्वतः ठरवतात. तेव्हा 'कंपनीचाच रेट आहे, कमी होत नाही' असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. मोकळेपणाने घासाघीस करा, विशेषतः तुम्ही तिघी-चौघी मिळून जात असाल तर.

फीच्या बाहेरचे खर्च आधीच विचारून घ्या

- नोंदणी शुल्क. ते एकदाच आहे की दर वर्षी? खंड पडून पुन्हा आलात तर पुन्हा भरायचं का?
- टी-शर्ट. सक्तीचा आहे का?
- वार्षिक कार्यक्रम. डान्स अकादमीच्या बॅचमध्ये हा खर्च मोठा निघतो. पोशाखाचं भाडं, जादा सरावाची फी, नातेवाइकांसाठी तिकिटं, व्हिडिओचे पैसे, असं सगळं मिळून कधी कधी दोन-तीन महिन्यांच्या फीइतकं होतं. 'मी कार्यक्रमात नसेन' असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवता येतं. मात्र त्या काळात बॅचचा तास नाटकासारख्या तालमीत जातो की नेहमीचा व्यायाम चालू राहतो, तेही विचारा.
- पावडर आणि शेक. काही ठिकाणी दुसऱ्या आठवड्यातच वजन कमी करायच्या पावडरीचा डबा पुढे येतो. तो घ्यायला तुम्ही बांधील नाही. 'डबा घेतला नाही तर रिझल्ट येणार नाही' असं म्हणणाऱ्याच्या क्लासला मी तरी पुढच्या महिन्याची फी भरणार नाही.
- जाणं-येणं. रिक्षाला एका वेळी पन्नास रुपये लागत असतील, तर १२ दिवसांचे बाराशे झाले. घराजवळची जरा महाग बॅच बहुधा स्वस्त पडते, आणि पावसाळ्यात तिथे जाणं होतंही.

पावतीवर जीएसटी लावला आहे का?

व्यायामशाळा, फिटनेस केंद्रं, योगवर्ग यांच्या सेवांवर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने बिल आलं तर विचारा. दुसरं म्हणजे, वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवादात्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. तेव्हा कर लावला असेल, तर पावतीवर १५ अक्षरांकांचा जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. क्रमांक नसलेल्या साध्या पावतीवर 'अधिक जीएसटी' असेल, तर ती रक्कम देऊ नका.

शिकवणारी व्यक्ती कोण आहे?

झुंबा कोलंबियातल्या आल्बेर्तो 'बेतो' पेरेस या नृत्यशिक्षकाने १९९० च्या दशकात सुरू केला, आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याची कंपनी झाली. हे नाव त्या कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. परवाना असलेल्या प्रशिक्षकानेच आपल्या वर्गाला ते लावायचं असतं. परवाना चालू आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रशिक्षक आणि वर्ग शोधायची सोयही आहे.

पण परवान्यावर सगळा भार टाकू नका. झुंबाचं प्राथमिक प्रशिक्षण एक-दोन दिवसांत पुरं होतं. त्यात पावलं, ताल आणि तास कसा बांधायचा हे शिकवतात. गुडघ्याची झीज झालेल्या बाईला कोणती उडी टाळायला सांगायची, हे ज्ञान वेगळ्या अभ्यासाने किंवा अनुभवाने येतं. बॉलीवूड फिटनेस किंवा भांगडा या नावाने चालणाऱ्या बहुतेक वर्गांना तर कुठलाच परवाना लागत नाही. तिथे सगळं शिक्षकावर अवलंबून आहे.

म्हणून एक तास फुकट किंवा एका दिवसाचे पैसे देऊन बघा, आणि नाचता नाचता एवढं टिपा:

- सुरुवातीला पाच-दहा मिनिटं हळूहळू शरीर तापवलं का, आणि शेवटी हळूहळू शांत केलं का, की पहिल्याच गाण्याला उड्या?
- अवघड हालचालीबरोबर सोपा पर्याय करून दाखवला का?
- शिक्षक पूर्ण वेळ आरशात स्वतःकडे बघत होते, की मागच्या रांगेतल्या नवख्या बाईपर्यंत नजर गेली?
- तुम्ही नवीन आहात म्हटल्यावर दुखणी, औषधं, शस्त्रक्रिया यांबद्दल काही विचारलं का?
- कुणाला भोवळ आली तर काय करायचं हे त्यांना माहीत आहे का, प्रथमोपचाराची पेटी आहे का?
- आवाज किती होता? शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो कानांसाठी जास्त आहे. तास संपल्यावर कानात गुणगुण राहत असेल, तर आवाज कमी करायला सांगा, नाहीतर स्पीकरपासून लांबची जागा धरा.

तुम्हाला नाच शिकायचा आहे की घाम गाळायचा आहे, हेही या एका तासात ठरवता येईल. नृत्याच्या वर्गात एकच कडवं थांबून थांबून बसवतात. मजा येते, पण श्वास पुन्हा पुन्हा खाली येतो. फिटनेसच्या वर्गात शिक्षक पुढे नाचतात आणि तुम्ही मागे जमेल तसं करत राहता, तास सलग चालतो. व्यायाम हवा असेल तर दुसऱ्या प्रकारचा वर्ग निवडा.

'एका तासात हजार कॅलरी' या जाहिरातीचं काय?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठात २०१२ मध्ये झुंबाच्या वर्गात मोजमाप केलं होतं. तरुण, धडधाकट १९ मुलींचा सुमारे ३९ मिनिटांच्या तासात सरासरी ३६९ कॅलरी इतका खर्च झाला. हा आकडा चांगलाच आहे, पण हजाराच्या जवळपासही जात नाही. त्या मुली तरुण होत्या आणि मनापासून नाचत होत्या, हेही लक्षात घ्या. 'महिन्यात दहा किलोची हमी' देणाऱ्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा, पुढे वाद झालाच तर तो उपयोगी पडतो.

किती तास पुरेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. म्हणजे ५० मिनिटांचे तीन वर्ग झाले की पहिली गरज भागते. दुसरी नाचून भागत नाही. त्यासाठी बैठका, भिंतीला टेकून दंड, हलके डंबेल असं काही घरी करा, त्याला फी लागत नाही.

व्यायाम मध्यम आहे की जोरकस, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. नाचताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. चार शब्दांत दम लागतो, तो जोरकस. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, तेव्हा मनगटावरच्या पट्ट्यातल्या आकड्यापेक्षा ही बोलण्याची कसोटीच धरा.

गुडघे, बूट, आणि बायका बोलत नाहीत तो प्रश्न

गुडघेदुखीवाल्यांनी नाचूच नये, असं काही नाही. उडी आणि पाय रोवून घेतलेली गिरकी या दोन हालचाली टाळल्या, तर बहुतेकांना पुष्कळ काही करता येतं. उडीऐवजी पाऊल, गिरकीऐवजी चार छोटी पावलं टाकत वळण. ज्येष्ठांसाठी आणि नवख्यांसाठी झुंबा गोल्ड नावाचा संथ प्रकारच आहे. तुमच्या भागात असेल तर तो शोधा. मात्र गुडघ्याला सूज असेल, किंवा तो मधेच अडकत वा दगा देत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

जमीन बघून घ्या. फरशी थेट काँक्रीटवर बसवलेली असेल, तर प्रत्येक उडीचा हिसका नडगीला आणि गुडघ्याला बसतो. लाकडी किंवा रबरी जमीन सगळ्यात चांगली. फरशीच असेल तर उड्या कमी, बूट हवेतच. पळायचे बूट इथे घालू नका. त्यांचा तळ जमिनीला घट्ट धरतो, आणि अंग वळलं तरी पाऊल वळत नाही, मग पीळ गुडघ्याला बसतो. बाजूने आधार देणारे, सपाट आणि फार खरबरीत नसलेल्या तळाचे बूट घ्या. ते महागडेच हवेत असं नाही, पण फक्त क्लाससाठी वेगळे ठेवा. बायकांनी त्याच खर्चात एक चांगली स्पोर्ट्स ब्रा धरावी. तिच्याविना उड्या मारून पाठ-खांदे दुखवून घेतलेल्या पुष्कळजणी असतात.

आता तो प्रश्न. उडी मारली की थोडी लघवी होते, म्हणून क्लास सोडला, असं लिहिणाऱ्या वाचकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींनी ते कुणालाही सांगितलेलं नसतं. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने असं होतं. ते लाजेचं नाही, आणि त्याला उपाय आहे. लघवी रोखून धरतो तसे ते स्नायू आवळून काही सेकंद धरायचे आणि सोडायचे, हा व्यायाम रोज नीट केला तर काही महिन्यांत बहुतेकींना फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट तो बरोबर होतोय का हे तपासून देतात. तोवर क्लासला जा, उड्या गाळा.

यांनी फी भरण्याआधी डॉक्टरांना विचारावंच: हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेले, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालेले, गरोदर स्त्रिया, वारंवार चक्कर येणारे, आणि कित्येक वर्षांत व्यायाम न केलेले चाळिशी-पन्नाशीपुढचे लोक. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर नाचताना साखर अचानक उतरू शकते. उपाशीपोटी जाऊ नका, पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवा, आणि शिक्षकांना सांगून ठेवा. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, असं काही झालं तर 'गाणं संपू दे' म्हणू नका. थांबा, खाली बसा, आणि १०८ ला फोन करायला सांगा.

सोसायटीत बॅच सुरू करायची असेल तर

हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि भांडणंही इथेच सगळ्यात जास्त. कारण साधं आहे: शिक्षकाचे पैसे तासावर ठरतात आणि माणसं गळतात. समजा, शिक्षिका तासाला ८०० रुपये घेतात. १२ तासांचे ९,६०० रुपये. सोळाजणी असतील तर प्रत्येकीला ६०० पडतात. दुसऱ्या महिन्यात आठच उरल्या, तर १,२०० होतात आणि ज्या नियमित येतात त्यांनाच भुर्दंड बसतो. तेव्हा आधीच लिहून ठरवा: किमान किती जणी असतील तरच बॅच चालेल, मधे सोडलं तर त्या महिन्याचे पैसे परत मिळणार नाहीत, शिक्षिका आल्या नाहीत तर तो तास पुढे मिळेल की पैसे वळते होतील, आणि बाहेरच्या सोसायटीतून येणाऱ्यांना काय दर. पैसे एकीच्या खात्यावर जमा करून तिने शिक्षिकेला द्यावेत आणि हिशेब ग्रुपवर टाकावा. हॉलचं भाडं, वीज, वेळ यांबद्दल कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्या. तोंडी परवानगी समिती बदलली की संपते.

आवाजाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आली, तर ती गंभीरपणे घ्या. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये साडेपाचची बॅच भरवायची असेल, तर ती स्पीकरशिवायच भरवावी लागेल.

फीच भरायची नसेल तर

या लेखातला मला सगळ्यात आवडता पर्याय हा. पुणे, ठाणे, डोंबिवली, मुंबईच्या उपनगरांत मंगळागौरीचे गट आहेत, आणि श्रावणातल्या कार्यक्रमांसाठी त्यांचा सराव कितीतरी आधीपासून चालतो. फुगडी, झिम्मा, पिंगा, गाठोडं, लाट्या: हे खेळ अर्धा तास सलग खेळून बघा, कुठल्याही स्टुडिओतल्या तासाला हार जाणार नाहीत. वर गाणं म्हणत खेळायचं असल्यामुळे दमसासही वाढतो. वर्गणी नाममात्र असते, काही गटांना कार्यक्रमाचं मानधनही मिळतं. फक्त गुडघे दुखत असतील तर बसफुगडी आणि कोंबडा यांच्या वाटेला जाऊ नका, त्या दोन्हींत पूर्ण उकिडवं बसून उड्या माराव्या लागतात. पुरुषांना आणि तरुण मुलांमुलींना लेझीम-पथक आहे, आणि लेझीम घेऊन वाकत-उठत केलेला तासाचा सराव मांड्यांना चांगलाच जाणवतो.

ऑनलाइन बॅच स्वस्त पडते आणि प्रवास वाचतो. पण पाऊल चुकलं तर दुरुस्त करणारं कुणी नसतं. म्हणून आधी दोन-तीन महिने समोरासमोर शिकून मग ऑनलाइन जा. आणि पहिल्या मजल्याच्या वर राहत असाल तर खालच्या घराचा विचार करून चटई घाला.

पैसे भरताना

- पावती घ्याच. पावतीवर बॅचचे दिवस, वेळ, एकूण तास आणि शेवटची तारीख लिहून मागा. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- रोख नको, यूपीआय किंवा धनादेश द्या. पैसे अकादमीच्या खात्यात जातात की कुणा व्यक्तीच्या, ते नाव वाचून बघा.
- 'फ्रीझ'ची सोय विचारा. आजारपण किंवा गावाला जाणं झालं, तर किती दिवस थांबवता येतं आणि तारीख पुढे जाते का? हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं तरी चालेल.
- दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणारा पर्याय दिला असेल, तर तो मंजूर करताना किती महिन्यांसाठी आहे ते वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यावी लागते, आणि ती मंजुरी तुम्ही कधीही रद्द करू शकता. क्लास सोडलात त्याच दिवशी ती रद्द करा.
- बिनव्याजी हप्त्यांवर वर्षाची फी घेऊ नका. तो हप्ता क्लासचा नसतो, एखाद्या वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेल्या कर्जाचा असतो. क्लास बंद पडला तरी कर्ज चालूच राहतं, आणि हप्ते थांबवले तर तुमची पत खराब होते.

पैसे अडकले तर

आधी कारण नीट बघा, कारण हक्क त्यावर ठरतो. बॅच बंद केली, वेळ बदलून तुम्हाला अशक्य अशी केली, लांबच्या शाखेत जायला सांगितलं, ज्या शिक्षकाच्या नावावर जाहिरात केली तेच गेले आणि बदली कुणी दिलंच नाही: ही सेवेतली त्रुटी आहे आणि तुमची बाजू भक्कम आहे. पावतीवर 'फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' छापलं म्हणून न दिलेल्या सेवेचे पैसे त्यांना आपोआप पचत नाहीत. पण क्लास व्यवस्थित चालू आहे आणि तुमचंच जाणं होत नाही, तर कायद्याची बाजू कच्ची आहे. तेव्हा भांडण्यापेक्षा उरलेले तास मैत्रिणीच्या नावावर करून मागा, पुष्कळ ठिकाणी ते करून देतात.

पहिल्या प्रकारात असाल तर लेखी मागणी करा. मजकूर इतकाच पुरे:

'मी दि. … रोजी आपल्या सकाळच्या बॅचसाठी ३६ तासांचे ४,५०० रुपये भरले (व्यवहार क्रमांक …). १० तास झाल्यावर दि. … पासून बॅच बंद आहे. उरलेल्या २६ तासांचे ३,२५० रुपये १५ दिवसांत परत करावेत. तसे न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.'

हे ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि शिवाय पोचपावतीच्या टपालाने धाडा. उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे, आणि छोट्या रकमांचे बरेच वाद तिथेच मिटतात. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. एकाच बॅचच्या दहाजणींचे पैसे अडकले असतील तर सगळ्यांनी एकाच वेळी पत्रं द्या. एकटीच्या फोनला न मिळणारं उत्तर दहा पत्रांना लवकर मिळतं.

व्हिडिओ आणि वागणूक

क्लासवाले जाहिरातीसाठी रील काढतात. तुम्हाला त्यात दिसायचं नसेल तर पहिल्या दिवशी अर्जावरच 'माझा फोटो किंवा व्हिडिओ वापरण्यास संमती नाही' असं लिहा, आणि चित्रीकरण असेल त्या दिवशी बाजूला उभं राहायची जागा मागा. आधीच टाकलेला व्हिडिओ काढायला लेखी सांगा, आणि त्यांनी ऐकलं नाही तर त्या समाजमाध्यमावर थेट तक्रार करा.

पाऊल दुरुस्त करताना शिक्षकाने हात लावण्याआधी विचारलं पाहिजे. 'तोंडी सांगा, हात लावू नका' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नकोसा स्पर्श, शरीरावरून शेरे, रात्री-अपरात्री येणारे खासगी संदेश, हे सहन करू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अशा संस्थांनाही लागू होतो, आणि तिथे नोकरी न करणारी स्त्रीसुद्धा त्याखाली तक्रार करू शकते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. पोलिसांत जाण्याचा मार्ग त्याशिवायही खुला आहे. ते संदेश पुसू नका, आणि बॅचमध्ये कुणाला तसाच अनुभव आला असेल तर तिलाही बरोबर घेऊन जा.